चाकूफेक शिकताना: आधी रेषा, मग नेम

चाकूफेक म्हटलं की बहुतेकांना सर्कस आठवते. फळीला पाठ टेकून उभी राहिलेली बाई आणि तिच्या दोन्ही अंगांना रुतणारे चाकू. ते कसब मोठंच, पण स्पर्धेशी त्याचा काही संबंध नाही. स्पर्धेत टार्गेटजवळ माणूस उभा करणं सोडाच, फेकीच्या रेषेपुढे कुणी एक पाऊल टाकलं तरी खेळ जागच्या जागी थांबतो. लाकडाची जाड चकती, तिच्यावर रंगवलेली वर्तुळं, जमिनीवर आखलेली रेषा आणि पंच, एवढ्यावर हा खेळ चालतो. युरोपात ‘युरोथ्रोअर्स’ आणि अमेरिकेत टेक्ससमधल्या ऑस्टिनची ‘इंटरनॅशनल नाइफ थ्रोअर्स हॉल ऑफ फेम’ या संस्थांचे नियम सर्वाधिक ओळखीचे आहेत. जर्मनी, फ्रान्स, इटली, अमेरिका अशा देशांत राहणाऱ्या मराठी मंडळींना प्रत्यक्ष स्पर्धा बघायला मिळू शकते. इथे बसून शिकणाऱ्याला मात्र शिस्त स्वतःच लावून घ्यावी लागते, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

नवीन माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: चाकू रुतवायचा कसा? चाकू रुततो हो. थोड्याच दिवसांत रुतायला लागतो. पण रेषेवर उभं कसं राहायचं, पुढे कधी जायचं, रुतलेला चाकू काढायचा कसा आणि उसळून आलेल्या चाकूचं काय करायचं, हे पहिल्या दिवशी अंगवळणी पडलं नाही तर पुढे पडत नाही. नेम लागायला लागला की माणसाला घाई होते, आणि चाकूफेकीतल्या बहुतेक जखमा घाईच्याच असतात.

चाकू कोणता घ्यावा

स्वयंपाकघरातली सुरी फेकू नका. तिचं पातं पातळ आणि कडक असतं. लाकडावर आडवं आपटलं की त्याचा तुकडा उडतो, आणि तो कुठे जाईल ते कुणाच्या हातात नसतं. मुठीचे रिव्हेटही दोन-चार फेकींत सैल होतात. फेकीचा चाकू पोलादाच्या एकाच पट्टीतून कापलेला असतो, मूठ आणि पातं अखंड. त्याला धार नसते. लाकडात शिरतं ते टोक. धारेचा उपयोग फक्त तुमचीच बोटं कापायला. टोकही फार निमुळतं नको, नाहीतर पहिल्याच चुकलेल्या फेकीत ते वाकतं.

युरोथ्रोअर्सच्या नियमात चाकू किमान २३ सेंटिमीटर लांब लागतो. नवशिक्याने त्याहून मोठाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे: ३० सेंटिमीटरच्या आसपास लांबी, २५० ते ३०० ग्रॅम वजन, ४-५ मिलिमीटर जाडी. ऑनलाइन बाजारात छोट्या, हलक्या चाकूंचे संच स्वस्तात दिसतात आणि मोह होतो. पण असा चाकू हवेत भराभर फिरतो, किती फिरला ते डोळ्याला कळत नाही, आणि वजन नसल्यामुळे रुतण्यापेक्षा उसळतोच जास्त. लांब आणि जड चाकू संथ फिरतो, चूक दाखवून देतो. घ्याल ते तीन अगदी एकसारखे घ्या. तीन वेगळ्या वजनांचे चाकू फेकणाऱ्याला आपला हात चुकला की चाकू, हे कधीच कळत नाही.

ओळखीचा लोहार असेल तर गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून चांगले चाकू होतात. त्याला एवढंच सांगा की पाणी कमी द्यायचं, म्हणजे पोलाद फार कडक करायचं नाही. कडक पातं तडकतं, मऊ पातं वाकतं; वाकलेलं ठोकून सरळ करता येतं. पात्याची लांबी ९ इंचांच्या आत ठेवायला सांगा. त्याचं कारण पुढे कायद्याच्या भागात येईल.

खेळायला उभं राहण्याआधी प्रत्येक चाकू जुन्या सुती कापडाने कडेकडेने पुसून घ्या. चाकूवर चाकू आदळला की कडेला पोलादाची बारीक करवत उभी राहते. ती पटकन दिसत नाही, पण कापडाचा धागा तिथे बरोबर अडकतो. तेवढ्या जागी कानस मारून कड सपाट करायची. पातं धरून फेकणाऱ्यांच्या अंगठ्याला होणाऱ्या जखमा बऱ्याचदा या करवतीच्या असतात, टोकाच्या नव्हेत.

टार्गेट आणि जागा

ओंडका आडवा कापून निघालेली चकती हे उत्तम टार्गेट. झाडाची वलयं तुमच्याकडे तोंड करून असली पाहिजेत. अशा चकतीत लाकडाचे तंतू समोरून येणाऱ्या टोकाच्या दिशेनेच असतात. टोक त्यांच्यामधून आत सरकतं आणि चाकू काढला की फट बरीचशी मिटते. साधी फळी लावली तर टोक तंतूंवर आडवं आदळतं, फळी चिरते आणि चाकू परत येतो. व्यास ५० सेंटिमीटरहून थोडा जास्त, जाडी १०-१५ सेंटिमीटर. युरोपात पॉप्लरचं लाकूड आवडीने वापरतात. आपल्याकडे सावर किंवा पांगारा चालेल. साग, बाभूळ नको. वखारीत किंवा सॉ मिलमध्ये विचारा. त्यासाठी झाड तोडायला जाऊ नका, शहरी भागात १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. उभ्या झाडावर चाकू फेकणं तर कुठल्याच जाणत्या फेकणाऱ्याला खपत नाही. सालीला पडलेल्या प्रत्येक भोकातून कीड आणि बुरशी आत जाते. शिवाय गोल बुंध्यावर तिरका लागलेला चाकू बाजूला कुठेही भिरकावला जातो.

चकती ओली ठेवा. आदल्या रात्री तिच्यावर भिजवलेलं गोणपाट टाकून ठेवलं तरी पुरतं. ओले तंतू फुगतात, मऊ पडतात, टोक धरून ठेवतात. उन्हात वाळून खणखणीत झालेली चकती मात्र चाकू जोराने परत पाठवते.

उसळीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या खेळातला खरा धोका हाच आहे. चाकू टोकाने लागला तर त्याचा जोर लाकडात जिरतो. मुठीच्या बुडाने किंवा आडवा लागला तर जोर जिरत नाही, आणि चाकू गिरक्या घेत मागे येतो. पहिले काही दिवस तुमचे बरेचसे चाकू असेच लागणार, त्यात वावगं काही नाही. म्हणून तीन गोष्टी. टार्गेटपासून २ मीटरच्या आत उभं राहून फेकू नका. जवळून सोपं वाटतं, पण परत येणाऱ्या चाकूला टाळायला वेळच उरत नाही. जोर लावू नका. बेताच्या वेगाने टोकावर लागलेला चाकू छान रुततो आणि जादा जोर फक्त उसळीत जातो. आणि फेकल्यावर नजर चाकूवरून काढू नका, तो रुतेपर्यंत किंवा जमिनीवर पडून थांबेपर्यंत. परत येणारा चाकू झेलायचा नाही, पायाने अडवायचा नाही, बाजूला सरकून त्याला जाऊ द्यायचं. पायात बंद, जाड बूट हवेत. चपला, सँडल घालून आलेल्याला मी रेषेवर उभं राहू देत नाही. डोळ्यांवर साधा सुरक्षा चष्मा असावा. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

जमीन मातीची किंवा गवताची हवी. शहाबादी फरशीवर, काँक्रीटवर पडलेला चाकू दुसऱ्यांदा उसळतो आणि त्याचं टोकही जातं. टार्गेटच्या मागे मातीचा बांध असेल तर उत्तम. नसेल तर जुना गालिचा किंवा रबरी मॅट वरून सैल लोंबती सोडा. ताणून बांधली तर चाकू तिच्यावरूनही उसळतो. सैल असली की तिच्या घड्यांत जोर मरतो. फेकणाऱ्याच्या मागे ३-४ मीटर आणि दोन्ही बाजूंना २-२ मीटर जागा मोकळी ठेवा, आणि टार्गेटच्या मागे कुणी येऊ शकणार नाही अशी वाट दोरी लावून बंद करा. सोसायटीची गच्ची या खेळासाठी अजिबात नाही. कठड्यावरून खाली गेलेल्या एका चाकूला माफी नसते. शेतातलं खळं, घरामागचं बंदिस्त परसू, भिंतीआडची मोकळी जागा शोधा.

रेषा, आणि कुणाच्या शब्दावर काय

दोघं असोत की वीस, रेषेवर एकाच माणसाचा शब्द चालतो. स्पर्धेत तो पंच असतो. घरी सराव करताना कुणाला तरी पंच ठरवून घ्या. तीन शब्द पुरतात: ‘फेका’, ‘थांबा’, ‘काढा’. ‘फेका’ ऐकल्याशिवाय हात वर जात नाही. सगळ्यांचे सगळे चाकू फेकून झाले, हात रिकामे दिसले, की पंच ‘काढा’ म्हणतो आणि सगळे एकदम पुढे जातात. सगळे परत रेषेमागे आल्याशिवाय पुढची फेरी नाही. तुमचा चाकू पुढे पडलाय आणि शेजारच्याची फेक बाकी आहे, तर चाकू तिथेच राहतो. तो कितीही महागाचा असो.

‘थांबा’ हा शब्द फक्त पंचाचा नाही. कुत्रं आत शिरलं, लहान मूल दोरीखालून आलं, कुणाचं टार्गेट डुगडुगताना दिसलं, तर ज्याला दिसेल त्याने ओरडायचं आणि सगळ्यांनी थांबायचं. हात अर्धा वर गेलेला असेल तर चाकू हातातच ठेवून खाली आणायचा. नवीन आलेली मुलगीसुद्धा पंधरा वर्षांच्या अनुभवी माणसाला थांबवू शकते, आणि त्याने का म्हणून विचारायचं नाही, आधी थांबायचं. ओशाळून गप्प बसण्याची सवय आपल्याकडे फार, ती इथे सोडून यावी.

डावखुरे कुणी असतील तर त्यांना रांगेच्या डाव्या टोकाला उभं करा. नाहीतर उजव्याचा आणि डाव्याचा फेकीचा हात एकमेकांशेजारी येतात आणि मागे घेताना कोपरं लागतात.

चाकू काढणं ही स्वतंत्र कला आहे, ती कुणी शिकवत नाही. एका टार्गेटपाशी एका वेळी एकच माणूस. टार्गेटच्या किंचित बाजूला उभं राहायचं, एक तळहात लाकडावर सपाट दाबायचा, दुसऱ्या हाताने मूठ धरून चाकू ज्या दिशेने शिरला त्याच दिशेने सरळ मागे ओढायचा. घट्ट बसला असेल तर वरखाली हलकं डोलवायचं. हिसडा मारला की चाकू अचानक सुटतो आणि मागे उभ्या असलेल्याच्या पोटाच्या उंचीला येतो. म्हणून मागे कुणी नाही हे बघूनच हात घालायचा. जमिनीवर पडलेले चाकू वाकून उचलताना वरच्या चाकूंच्या मुठी डोक्यात लागतात, तेव्हा आधी टार्गेटवरचे काढा, मग खालचे. परत येताना सगळे चाकू एका हातात, टोकं जमिनीकडे. चालताना खेळवायचे नाहीत.

दारू, नशा, गुंगी आणणारं औषध घेतलेला माणूस रेषेवर नको. यावर चर्चा नाही.

फेक

आता चाकू हातात घ्या. ३ मीटरवर मूठ धरून हवेत चाकूची एक पूर्ण गिरकी, इथून सुरुवात करा. उजव्या हाताने फेकत असाल तर डावा पाय पुढे. हातोडी धरतो तशी मूठ धरा, घट्ट पण आवळून नाही. चाकू कानाजवळ आणा, हात पुढे न्या, आणि हात समोर टार्गेटकडे सरळ झाला की बोटं सैल सोडा. मनगट झटकायचं नाही. चाकू फिरवण्याची खटपट करायची गरजच नसते, हात ज्या कमानीतून येतो तीच त्याला फिरवते. सुटल्यावरही हात अर्ध्यात थांबवू नका, खाली मांडीपर्यंत येऊ द्या.

दर फेकीला हात तोच आणि वेग तोच ठेवायचा. बदलायचं ते फक्त अंतर. चाकू लागला तेव्हा मूठ वर आणि टोक खाली झुकलेलं दिसलं, तर तो गरजेपेक्षा जास्त फिरला: वीतभर पुढे या. मूठ खाली लोंबत असेल आणि टोक वर असेल तर कमी फिरला: वीतभर मागे जा. एकदा जागा सापडली की तिथे खूण करा. प्रत्येकाची जागा थोडी वेगळी असते, उंचीप्रमाणे आणि हाताच्या लांबीप्रमाणे. ३ मीटर बसल्याशिवाय ५ मीटरच्या दोन गिरक्यांकडे जाऊ नका. ७ मीटरच्या तीन गिरक्या तर पुष्कळ पुढची गोष्ट. बिनगिरकीची फेक व्हिडिओत फार देखणी दिसते, पण काही स्पर्धांत ठरावीक गिरक्या झाल्याच पाहिजेत असा नियम असतो, तेव्हा आधी गिरकी शिका.

गुण कसे मोजतात

युरोथ्रोअर्सच्या अचूकतेच्या प्रकारात चाकूसाठी ३, ५ आणि ७ मीटर ही अंतरं आहेत, कुऱ्हाडीसाठी ४ आणि ७ मीटर. टार्गेटवर पाच वर्तुळं: मधलं १० सेंटिमीटर व्यासाचं, त्याला सगळे बुल म्हणतात, त्याचे ५ गुण. मग २०, ३०, ४० आणि ५० सेंटिमीटरची, अनुक्रमे ४, ३, २ आणि १ गुणाची. तीन चाकूंच्या सात फेऱ्या धरल्या तर २१ फेकी आणि जास्तीत जास्त १०५ गुण. घरी सराव करताना हाच हिशोब वहीत ठेवा, दर अंतराचा वेगळा. आपला हात कुठे अडतोय ते त्यातून दिसतं.

नवशिक्याचे गुण जातात ते नेमामुळे कमी आणि बारक्यासारक्या नियमांमुळे जास्त. फेकताना पाय रेषेवर पडला किंवा पलीकडे गेला तर ती फेक बाद होऊ शकते. पाऊल घेऊन फेकायची सवय असेल तर पाऊल कुठे संपतं ते मोजून ठेवा. चाकू टोकाने रुतलेला हवा. पंचाने गुण लिहून घेईपर्यंत चाकूला हात लावायचा नाही, टार्गेटलाही नाही. गुण मोजायच्या आत गळून पडलेला चाकू सहसा शून्य धरतात. दोन वर्तुळांमधल्या रेषेला पातं लागलं असेल तर सहसा वरचा गुण मिळतो, पण निर्णय पंचाचा. तुम्ही बोट दाखवून चाकू हलवलात तर तोही गेला. प्रत्येक स्पर्धेचं नियमपत्रक थोडं वेगळं असतं, ते आधी मागवून शांतपणे वाचा. लांब पल्ल्याची फेक, अंतर बदलत मागे मागे जाणारा वॉकबॅक, वेगाची फेक असे इतर प्रकारही असतात. पहिल्या वर्षी अचूकता आणि वॉकबॅक एवढंच पुरे.

कायदा

भारतात शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू धारदार शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्यांना वगळलं आहे. खेळाचा त्यात उल्लेख नाही. म्हणूनच लोहाराला ९ इंचांच्या आत सांगायचं. महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट: महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी मनाई आदेश काढतात, सणासुदीला आणि निवडणुकीच्या काळात तर हमखास. त्या काळात आदेशाच्या हद्दीत चाकू घेऊन फिरणं हा गुन्हा ठरू शकतो, मग पातं केवढंही असो. शंका असेल तर पोलीस ठाण्यात जाऊन आधी विचारा. चाकू नेताना कुलूपबंद पेटीत, गाडीच्या डिकीत, आणि घरून थेट सरावाच्या जागी. कमरेला लावून मिरवू नका, चहाच्या टपरीवर काढून दाखवू नका, रस्त्यावर रील बनवू नका.

विमानात चाकू फक्त चेक-इन सामानात, गुंडाळून, टोकांना झाकण लावून. जर्मनीत राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की १२ सेंटिमीटरहून लांब पात्याचा पक्का चाकू योग्य कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगता येत नाही. खेळ हे कारण कायद्याला मान्य आहे, तरी बंद कुलपाची पेटी सगळ्यात निर्धोक. फेकीच्या चांदण्यांवर, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या टोकदार पात्यांवर, जर्मनीसकट काही देशांत सरळ बंदी आहे, तेव्हा चाकूंच्या संचाबरोबर फुकट आल्या तरी पेटीत ठेवू नका.

पहिल्या स्पर्धेला जाताना

एकसारखे तीन चाकू आणि त्याच वजनाचा चौथा, एखादा मोडला तर. कानस, सुती कापड, सुरक्षा चष्मा, बंद बूट, मोजपट्टी. जखमेसाठी निर्जंतुक गॉज, रुंद बँडेज आणि दाब देऊन बांधायची पट्टी. धनुर्वाताची सुई पूर्वी कधी घेतली होती ते आठवून घ्या, फार दिवस झाले असतील तर डॉक्टरांना विचारून आधीच घ्या. चाकू कुठे लागून रुतलाच, तर तो ओढून काढू नका. आजूबाजूने कापड दाबून धरा आणि तसाच दवाखान्यात न्या.

मैदानावर पोचल्यावर आधी पंचाला भेटून चाकू दाखवा, माप तपासून घ्या, आणि नवीन आहात हे मोकळेपणाने सांगा. सरावाच्या फेरीत शेवटच्या टार्गेटवर उभं राहा, शेजारी एकाच बाजूला माणूस असतो. तिथलं लाकूड तुमच्या लाकडापेक्षा कडक किंवा मऊ असणार, जमीन उतरती असणार, आणि तुमची घरची खूण तिथे वीतभर मागेपुढे होणार. पहिले तीन चाकू गुणांसाठी न फेकता ते अंतर शोधण्यासाठी फेका.